उघड्या डोळ्यांची प्रार्थना

पत्र, थोडं आटोपतं करून :

‘मावशी, मी चौतीस वर्षांचा. घणसोलीत राहतो, ऐरोलीला एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. पूर्णवेळ सेवेत जावं असं दोन वर्षांपासून मनात आहे. पाळक घडवणाऱ्या पुण्याच्या एका सेमिनरीचा फॉर्म आणलाय. त्यात एक प्रश्न आहे : “देवाने तुम्हाला सेवेसाठी कसे तयार केले ते लिहा.” तीन आठवडे झाले, कागद कोरा आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतला अजून एक मुलगा फॉर्म भरतोय. तो तिसऱ्या पिढीचा पाळक होईल, त्याच्या आजोबांचा फोटो देवळात लावलेला आहे. माझं तसलं घराणं नाही. मी बोलायला उशिरा लागलो, आजही चारचौघांत अडखळतो, आणि बोलताना माझे हात फार हलतात. मागच्या महिन्यात मला दहा मिनिटं संदेश द्यायला उभं केलं. नंतर कमिटीतले एक काका म्हणाले, “हात खिशात घालून बोलत जा, ट्रॅफिक पोलीस वाटतोस.” सगळे हसले. आई-बाबा दोघंही कर्णबधिर, त्यामुळे घरून मार्गदर्शन असं काही नाही. ते दर रविवारी येतात, शेवटच्या बाकावर बसतात. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतात म्हणून एका बाईंनी एकदा टोकलंही होतं, पण ते जाऊ दे. बायको म्हणते नोकरी सोडू नकोस, मुलगी पहिलीत आहे. माझ्यासारख्याला देव खरंच बोलावतो का, की मी स्वतःलाच फसवतोय?’

*

‘ते जाऊ दे’ म्हणालास ना? मी नाही जाऊ देणार.

तुझं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात काकांच्या विनोदाला दीड पान. तिसऱ्या पिढीच्या त्या मुलाला पाऊण पान, त्याच्या आजोबांच्या फोटोची फ्रेम कुठल्या लाकडाची आहे इथपर्यंत. आई-बाबांना चार ओळी, आणि त्यांच्या उघड्या डोळ्यांना एक वाक्य, तेही ‘पण’ लावून झटकलेलं. काका वाईट बोलले, लोक हसले, हे मान्य. त्यावर फुंकर घालायला मी बसलेली नाही. मला त्या बाईंचं आणि तुझं बघायचंय.

ते डोळे उघडे का असतात हे त्या बाईंना ठाऊक नसेल. तुला आहे. ‘चला, डोळे मिटून प्रार्थना करू या,’ असं पाळकसाहेब म्हणतात, तेव्हा बाकी सगळे देवासमोर जातात आणि तुझे आई-बाबा अंधारात जातात. त्यांनी डोळे मिटले तर प्रार्थना संपली हे त्यांना सांगणार कोण? बाकाला धक्का बसला तरच कळणार. आणि शेवटचा बाक त्यांनी लाजून धरलाय असं तुला वाटत असेल तर मी पैज लावते, तसं नाही. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं, पुस्तक उघडलं की उघडायचं. इतकी वर्षं तुझे आई-बाबा पाठी वाचून उपासना करतायत.

त्या बाईंनी टोकलं तेव्हा तू काय बोललास हे पत्रात नाही. म्हणजे काहीच बोलला नाहीस.

मला हे बोलायचा काय अधिकार, ते सांगते. ठाण्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. एका वर्षी पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता, ऐकू फार कमी यायचं. ओठ बघून तो बरंच समजून घ्यायचा, हे मला सहामाही उलटून गेल्यावर कळलं. तोवर मी फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता शिकवत होते. एकदा डस्टर घ्यायला वळले तर तो माझ्या पाठीकडे बघत होता, बंद दुकानाच्या शटरकडे बघावं तसं. मला माहीत तरी नव्हतं. तुझी तीही सोय नाही.

आता तुझ्या घराबद्दल बोलू. चरईतल्या आमच्या चाळीत असं एक घर होतं, नवरा-बायको दोघंही कर्णबधिर, मुलगा ऐकणारा. बेल दाबली की आत घंटेऐवजी दिवा लागायचा. आईला हाक मारायची तर तो पोरगा पायाने फरशीवर धपकन आपटायचा, नाहीतर ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू करायचा. लाइट गेली की त्या घरातलं बोलणं बंद. भांडण चालू असेल तर मेणबत्ती सापडेपर्यंत तेही थांबायचं. आई भाकरी थापताना मध्येच हात उचलून काहीतरी सांगायची आणि पीठ हवेत उडायचं. बँकेत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे तो मुलगाच पुढे. त्याच्या आईच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते अकरा वर्षांच्या पोराच्या हातांनी आईपर्यंत गेलं. मी बाहेर बाकावर होते. दारातून दिसत होतं. सांगताना त्याने चेहरा असा ठेवला होता की आई घाबरली नाही आणि खोटंही काही गेलं नाही. कुणाच्या दुःखाच्या बातमीला असं उभं कसं राहायचं, हा सेमिनरीत विषय असतो. पेपरही असतो.

तुझ्या घरी बेलच्या जागी काय आहे, मला माहीत नाही. पण तू त्या पोराच्याच जातकुळीतला आहेस, आणि वर मला लिहितोस की घरून मार्गदर्शन नाही.

तू उशिरा बोललास कारण घरात ती भाषा कानावर पडत नव्हती. तुझे हात हलतात कारण तुझी पहिली भाषा हातांत आहे. काकांनी जे खिशात घालायला सांगितलं, ती तुझी मातृभाषा आहे रे. खरोखरची, आईकडून आलेली.

अडखळण्याचं एवढं काय घेऊन बसलायस? लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढ. जखऱ्या याजक मंदिरात गेला आणि बाहेर आला तो मुका होऊन. लोकांना खुणा करत राहिला. नाताळ आला की हे आपण वाचतो आणि पुढचं एक वाक्य गाळून जातो : तो लगेच घरी गेला नाही. त्याच्या सेवेचे दिवस भरेपर्यंत तो तिथेच राहिला. वाचा गेलेला याजक, आणि पाळी पूर्ण करतो. मग मार्कचा सातवा काढ. बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला येशू गर्दीतून बाजूला घेतो. आधी त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे बघतो, उसासा टाकतो. ‘इप्फाथा’, म्हणजे ‘मोकळा हो’, हा शब्द त्यानंतर येतो. त्या माणसाला शब्द ऐकूच येणार नव्हता, म्हणून जे सांगायचं ते आधी हातांनी सांगितलं. मला हे असंच दिसतं. पंडितांना वेगळं दिसत असेल तर दिसो.

आणि त्या बाईंसाठी. डोळे मिटायला कुठे सांगितलंय म्हणावं? लाजराच्या कबरेपाशी येशूने डोळे वर केले आणि बापाशी बोलला. योहानाच्या सतराव्यात, अटकेच्या रात्री, पुन्हा तेच. येशूच्या दाखल्यातला जकातदार डोळे वर करायलाही धजला नाही असं लिहिलंय. म्हणजे डोळे वर करून प्रार्थना करणं हीच तिथली रीत होती. मिटलेले डोळे ही आपली सवय आहे, चांगली सवय आहे, लक्ष विचलित होत नाही. पण सवयीचा नियम करून म्हाताऱ्या माणसांना टोकायचं नाही.

घराण्याचं एकदाच बोलते. पंडिता रमाबाईंचं नाव तुमच्या मंडळीत आदराने घेतलं जात असणार. त्यांचे आई-वडील दुष्काळात अन्नान्न करत गेले, तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायांना आपल्याकडे घेऊन आल्या. भुकेने माणूस कसा दिसायला लागतो हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आणि देवाने आपल्याला कसं चालवलं याची साक्ष लिहिताना त्यांनी तो घरचा दुष्काळ गाळला नाही, चांगला सविस्तर लिहिला. तू मात्र साक्षीच्या कागदावरून आई-बाबांना वगळून बसलायस आणि कागद कोरा का म्हणून मला विचारतोयस.

२०११ च्या जनगणनेत ऐकू न येणारे, कमी येणारे लोक देशभरात पन्नास लाखांच्या वर मोजले गेले. एवढं लांब कशाला जायचं, शनिवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनवर ये. ट्रान्स-हार्बर लोकलच्या बाजूला पुलाखाली त्यांचा घोळका असतो. लाउडस्पीकर कोकलत असतो, आपण ‘काय? काय?’ करत फोन कानात खुपसत असतो, आणि ही मंडळी एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर, मध्ये रूळ असताना, निवांत गप्पा मारतात. मी एकदा वाशीची गाडी सोडून बघत उभी राहिले होते. तुझे बाबाही कदाचित त्यांच्यात असतील. त्यांतल्या एकालाही तुमच्या देवळात यावंसं वाटेल असं काय आहे तिथे? रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय मिशनच्या रविवारी आपण घसा ताणून वाचतो, सांगणाऱ्यावाचून ते ऐकतील कसे म्हणून. कोणाच्या कानांबद्दल बोलतोय याचा विचार न करता.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. देव बोलावतो का ते मी कोण सांगणार? पण बोलावत असेल तर पत्ता पुण्याचा नाही. निदान आधी नाही. तुझ्याच देवळातला शेवटचा बाक आहे. येत्या रविवारी आई-बाबांना पुढे, उजव्या बाजूच्या पहिल्या बाकावर बसव, आणि तू त्यांच्याकडे तोंड करून उभा राहा. पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत सगळी उपासना हातांनी सांग. सूचनासुद्धा. महिला मंडळाची सभा किती वाजता हेही त्यांना इतकी वर्षं कळलेलं नाही. पाळकसाहेबांना शनिवारी भेट, संदेशाचे मुद्दे आधी मागून घे, आणि प्रार्थनेआधी ‘ज्यांना हवं त्यांनी डोळे उघडे ठेवा’ एवढं म्हणायला सांग. ते म्हणतील. पाळक लोक अशा गोष्टीला सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पहिल्या रविवारी फजिती होईल हे गृहीत धर. घरची भाषा आली म्हणजे उपासना सांगता येते असं नाही. भाजीत मीठ कमी आहे हे तू डोळे झाकून सांगशील (झाकून कसलं सांगतोस म्हणा). पण कृपेला काय खूण करशील? कराराला? पवित्र आत्म्याला? येशूची खूण बाबांना बहुधा माहीत असेल, बऱ्याच देशांत तीच आहे : एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या तळव्याला, मग उलट, खिळ्यांच्या जागी. बाकीच्यांसाठी बाबांना विचार, त्यांच्या स्टेशनवरच्या दोस्तांना विचार. स्वतःच्या मनाने खुणा बनवू नकोस, ती भाषा त्यांची आहे. आणि मराठी वाक्य शब्दाला शब्द हातांवर उतरवत बसू नकोस. तुला हे येतंच, पण देवळात घाबरलास की विसरशील : प्रश्नाचा शब्द शेवटी जातो, अर्धं व्याकरण भुवयांत असतं. पुढे वाटलं तर वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथे दुभाष्याचा रीतसर अभ्यासक्रम चालतो, त्याची चौकशी कर. वांद्र्याची गाडी पकडून नोकरी सांभाळून काय जमतं ते बघ. बायको नोकरीबद्दल म्हणते ते बरोबर आहे, त्यात मी पडत नाही.

आणि अजून एक, आपण फक्त सांगणारे आणि ते फक्त घेणारे, असं मनात येऊ देऊ नकोस. २०२४ साली केरळात त्रिशूरला एका कर्णबधिर तरुणाला कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मिळाली, देशातला पहिला. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, त्याने खुणांनी केली. उद्या तुझे बाबा प्रार्थना करतील आणि तुला ती आवाजात आणून मंडळीला सांगावी लागेल. त्या दिवशी त्या बाई कुठे बसल्यात ते मला कळव.

फॉर्म कपाटात ठेव. मुदत गेली तर जाऊ दे, फॉर्म दर वर्षी निघतात. चार-पाच रविवार झाले की त्या कोऱ्या कागदाला हात लाव. तेव्हाही कोराच राहिला तर मला शिव्या घाल.

उभा राहताना खिडकी पाठीमागे येऊ देऊ नकोस, तोंड काळं दिसतं. उजेड समोरून घे. शर्ट गडद आणि एकरंगी घाल, चौकड्यांचा नको, हात उठून दिसत नाहीत. खिसा नसलेला मिळाला तर बघ.

– मावशी