ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेरीत) निवड न झालेला कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्यांचे पास अडवणारा बचावपटू, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये नाव कमावू शकतो का?
नक्कीच. माल्कम बटलरचंच बघा. कॉलेजच्या संघातून काढल्यावर हा मिसिसिपीचा मुलगा पॉपाइज या फास्ट फूडच्या दुकानात काम करत होता. पुढे वेस्ट अलाबामा या छोट्या विद्यापीठाकडून खेळला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या एनएफएल संघाने चाचणी घेऊन करार केला.

मग १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. प्रतिस्पर्धी सिएटल संघ गोलरेषेपासून एका यार्डावर, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ शिल्लक. सिएटलच्या रसेल विल्सनचा पास बटलरने झडपला, पेट्रियट्स २८-२४ ने जिंकले. हे नुसतं नशीब नव्हतं! सिएटलच्या याच डावपेचावर सरावात तो चुकला होता, म्हणून त्या क्षणी त्याने तो ओळखला.

नंतर प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, २०१८ मध्ये टेनेसी टायटन्सशी पाच वर्षांचा करार. त्याआधीच्या सुपर बोलमध्ये मात्र त्याला बचावात एकदाही उतरवलं नाही, ते मला अजूनही पटत नाही.