क्रीडा-शंका : एका गुणाने हुकलेले विजेतेपद

प्रश्न : फ्रान्समधील महिलांच्या अव्वल फुटबॉल साखळीत ऑलिंपिक लिऑन या संघाने सलग १४ विजेतेपदे मिळवली आणि २०२०-२१ च्या हंगामात ते पद पॅरिस सेंट-जर्मेनने हिसकावून घेतले, असे वाचनात आले. इतक्या वर्षांची सद्दी एकाच हंगामात संपावी, इतके लिऑनचे काय बिघडले होते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गुणतक्ता समोर ठेवला, तर फारसे काही बिघडले नव्हते असेच म्हणावे लागते. या साखळीत १२ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २२ सामने येत, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर गाठ पडे. त्या हंगामात लिऑनने २० सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एक गमावला आणि ६१ गुण मिळवले. पॅरिसनेही २० सामने जिंकले, दोन बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही आणि त्यांचे ६२ गुण झाले. आता जरा बारकाईने पाहावे. लिऑनचा एकमेव पराभव पॅरिसकडून झाला आणि एकमेव बरोबरीही पॅरिसशीच झाली. उरलेल्या दहा संघांशी खेळलेले २० च्या २० सामने लिऑनने जिंकले, तर याच दहा संघांपैकी एकाने पॅरिसला बरोबरीत रोखले होते. म्हणजे या दोघांतले सामने बाजूला काढले, तर लिऑनचीच कामगिरी सरस ठरते. विजेतेपद गेले ते केवळ त्या दोन सामन्यांत.

त्यातला पहिला सामना २० नोव्हेंबर २०२० रोजी पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर झाला. मारी-आंत्वानेत कातोतो हिच्या एकमेव गोलावर पॅरिसने तो जिंकला आणि साखळीतील सलग ८० सामन्यांत अजिंक्य राहिलेला लिऑनचा संघ अखेर हरला. त्याआधीचा त्यांचा साखळीतील पराभव डिसेंबर २०१६ मधला होता आणि तोही पॅरिसकडूनच झालेला! करोनाच्या टाळेबंदीमुळे हा सामना प्रेक्षकांविना खेळवला गेला. जेमतेम वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, याच दोन संघांचा लिऑनमधील सामना पाहायला ३०,६६१ प्रेक्षक आले होते आणि तो त्या साखळीतील तोवरचा उच्चांक होता. पण एका युगाचा शेवट ठरलेला सामना मात्र रिकाम्या खुर्च्यांनी पाहिला, याची हळहळ वाटते.

दुसरा सामना ३० मे २०२१ रोजी लिऑनमध्ये झाला. त्या वेळी पॅरिस अवघ्या एका गुणाने पुढे होते, त्यामुळे लिऑनला विजयाखेरीज पर्याय नव्हता आणि पॅरिसला बरोबरी पुरेशी होती. सामना ०-० असा सुटला. शेवटच्या फेरीत, ४ जूनला, लिऑनने फ्लरीवर तब्बल आठ गोल चढवले. पण पॅरिसने दिजाँला ३-० असे नमवून एका गुणाची आघाडी राखली आणि लिऑनच्या त्या आठही गोलांवर पाणी पडले.

तरीही सारे सुरळीत होते, असे नाही. आघाडीची खेळाडू आडा हेगरबर्ग गुडघ्याच्या दुखापतीमुळे हंगामभर मैदानाबाहेर होती. एप्रिलमध्ये युरोपीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पॅरिसनेच लिऑनला बाहेर काढल्यानंतर प्रशिक्षकही बदलले गेले आणि सूत्रे संघाची माजी खेळाडू सोनिया बोम्पास्तोर हिच्याकडे आली. मात्र २० विजय मिळवणारा संघ ढासळला होता, असे म्हणणे मला पटत नाही. फरक इतकाच की, तोडीस तोड उभा राहणारा एक प्रतिस्पर्धी या वेळी अखेरपर्यंत कुठेच घसरला नाही.

प्रश्न : याच साखळीच्या २०१४-१५ च्या जुन्या तक्त्यात लिऑनचे २२ सामन्यांत ८८ गुण दाखवले आहेत. विजयाला तीन गुण धरले, तर कमाल ६६ च होतात. ही छपाईची चूक समजावी काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : चूक नाही. त्या काळी या साखळीत विजयाला चार, बरोबरीला दोन आणि पराभवालाही एक गुण मिळत असे. शून्य गुण मिळत तो मैदानावर न उतरणाऱ्या संघाला. हौशी संघांच्या जमान्यातील ही रीत हरण्यापेक्षा न येण्याला मोठी शिक्षा देणारी होती. लिऑनने त्या हंगामात २२ पैकी २२ सामने जिंकले, म्हणून ८८. विजयाला तीन गुणांची पद्धत २०१६-१७ पासून आली. गंमत म्हणून २०२०-२१ चा हिशोब जुन्या पद्धतीने मांडून पाहिला, तर पॅरिसचे ८४ आणि लिऑनचे ८३ होतात. फरक तिथेही एकाच गुणाचा राहतो!

प्रश्न : आजही तक्त्यात पहिला येणारा संघच विजेता ठरतो का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. २०२३-२४ पासून साखळी संपल्यावर पहिल्या चार संघांत उपांत्य सामने आणि अंतिम सामना होतो आणि त्यातून विजेता ठरतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी लिऑन तक्त्यातही पहिले होते आणि अंतिम सामन्यातही त्यांनी पॅरिसलाच हरवले, त्यामुळे नव्या पद्धतीने निकाल बदलला नाही. मला स्वतःला जुनीच पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण तिच्यात नोव्हेंबरमधला एक गोल जूनपर्यंत हिशोबात राहत असे. कोल्हापूरच्या वाचकांना मात्र बाद फेरीचीच गोडी अधिक असेल, याची कल्पना आहे.