वाचकांचे प्रश्न : दोनशे जणांचा गट आणि तीन हजार रुपये

प्रश्न : आमच्या सोसायटीत धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंच्या नवऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं. रुग्णालयाने दीड लाखाचा खर्च सांगितला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आवाहन टाकलं. गटात २०० जण. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला, जमले तीन हजार! लोकांना गरिबाचं काही वाटेनासंच झालंय का?

उत्तर : वाटत असावं, पण दोनशे जणांना एकदम मागितलं की प्रत्येक जण उरलेल्या १९९ जणांवर विसंबतो. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी फेफरं आल्याचा आवाज ऐकवला. आवाज फक्त आपणच ऐकतोय असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले ८५ टक्के झटका ओसरण्याआधी मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्केच उठले. न उठलेलेही निवांत बसले नव्हते. कित्येकांचे हात थरथरत होते. म्हणून गटावर आवाहन टाकून थांबू नका. एकेकाला फोन करा आणि नेमकं काम सांगा : ‘तुम्ही दोन हजार द्याल का?’, ‘तुम्ही उद्या ताईंबरोबर तहसील कचेरीत जाल का?’

आणि खरं सांगायचं तर वर्गणी ही पहिली पायरीच नव्हे.

आधी ते रुग्णालय धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थेने चालवलेलं आहे का, ते पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना लागू केली. तिच्यानुसार अशा रुग्णालयाने कार्यरत खाटांपैकी १० टक्के निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. निर्धनाची औषधं आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे रॉड, प्लेट वगैरे) ‘निर्धन रुग्ण निधी’तून येतात, इतर रुग्णांच्या बिलांतले २ टक्के या निधीत जमा होतात. दुर्बल घटकातल्या रुग्णाला मात्र औषधं, साहित्य आणि इम्प्लांटच्या खरेदी किमतीचा किमान निम्मा भाग स्वतः भरावा लागतो. मांडीत रॉड बसवायचा असेल तर हा आकडा लहान नसतो. तुमच्या वर्गणीची खरी गरज इथे आहे.

रुग्णालयात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीशी हुज्जत न घालता वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. नगरसेवकाचं पत्र दाखल्याची जागा घेत नाही. रुग्ण तातडीचा असेल तर आधी दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे आणि अनामत मागायची नाही, असं योजनेतच आहे.

गाडं अडतं ते बहुधा उशिरामुळे. घरचे लाजेपोटी ‘बघू, करू काहीतरी’ म्हणत अंदाजपत्रकावर सही करतात, सेमीप्रायव्हेट खोली घेतात आणि डिस्चार्जच्या दिवशी योजनेचं नाव काढतात. रुग्ण दाखल होतानाच अर्ज द्या, लेखी द्या आणि पोच घ्या. ‘खाट रिकामी नाही’ असं सांगितलं तर तेही लेखी मागा. तक्रार धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात करता येते.

याच्या जोडीला राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १५५३८८ वर फोन करून जवळचं अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील रुग्णालय विचारा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा. ही शस्त्रक्रिया यादीत आहे का, हे आधी पाहावं लागतं. मंजुरीही शस्त्रक्रियेआधीच घ्यायची.

प्रश्न : अपघात झाला की लोक मोबाइल काढून चित्रण करतात. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागतो, ही भीती खरी आहे का?

उत्तर : एके काळी खरी होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदतनीसाच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. रुग्णालय तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही, पैसेही मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

गर्दीत ‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडू नका, वरच्या प्रयोगातलंच घडेल. ‘निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ लावा’ असं बोट दाखवून सांगा. रस्त्याचं नाव, किलोमीटरचा दगड, जखमी किती आणि कुणी अडकलंय का, एवढं फोनवर सांगायला हवं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. ते भिजलं तरी उचलून पाहू नका, त्याच्यावरच दुसरं ठेवा. आगीचा किंवा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला ओढून बसवू नका, कारण मानेला इजा झालेली असू शकते. पाणी पाजायचा मोह सर्वांना होतो, तो टाळा. अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जातं, आणि भुलीसाठी पोट रिकामं हवं असतं.

प्रश्न : जुने कपडे द्यायचे आहेत. कसे द्यावेत?

उत्तर : धुऊन, बटणं लावून, मापाची चिठ्ठी टाचून. साडीबरोबर परकर द्या, चपलांची जोडी दोरीने बांधा, नाहीतर एक पाय हरवतोच. पूरग्रस्त भागात न विचारता पोती पाठवू नका. ती निवडायलाच माणसं अडकून पडतात. उसवलेलं किंवा डागाळलेलं घरातच पायपुसण्याला वापरा.