वाचक विचारतात : विहिरी समुद्रात कशा गेल्या?

प्रश्न : आमच्या गावातल्या (भोर तालुका) ३४ विहिरी मोबाईलच्या जीपीएसने नोंदवल्या, एक्सेलमध्ये भरल्या आणि क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर) टाकल्या, तर सगळे ठिपके नॉर्वेच्या वर समुद्रात! फाईल बिघडली का?

उत्तर : फाईल ठणठणीत आहे हो, कॉलम उलटे झालेत. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो मग रेखांश, पण सॉफ्टवेअरला एक्स म्हणजे रेखांश लागतो आणि वाय म्हणजे अक्षांश. भोर साधारण १८.१ उत्तर, ७३.८ पूर्व, ते उलटं केलं की ७३.८ उत्तर, १८.१ पूर्व होतं, म्हणजे थेट बेअर आयलंडजवळचं गार पाणी. इम्पोर्टच्या खिडकीत एक्स-वायची अदलाबदल करा, विहिरी घरी येतील. (मीही एकदा अख्खा तालुका असाच बुडवलाय.)

आणि नुसते ठिपके मिळाले म्हणून थांबू नका. प्रत्येक ठिपक्यामागे तक्त्याची एक ओळ असते, तिथे खोली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, पंप आहे का हे सगळं भरा, मग मार्चमध्येच आटणाऱ्या विहिरी लाल करा आणि खाली ओढ्याचा लेअर (नकाशाचा थर) ठेवा, जीआयएसची (म्हणजे नकाशा आणि माहितीचा तक्ता जोडणाऱ्या तंत्राची) खरी मजा तिथे आहे, नाहीतर तो नुसता नकाशाच.

प्रश्न : दोन एकराच्या शेताचं क्षेत्रफळ ०.००००००७ आलं. हसू की रडू?

उत्तर : ते चौरस अंशांत आलंय. तुमचा लेअर अक्षांश-रेखांशात आहे, आणि अंश हे काही जमीन मोजायचं माप नाही, कारण आपल्याकडे रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटर भरतो आणि उत्तरेला जाल तसा आक्रसत जातो. लेअर यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत, तिचे पट्टे म्हणजे झोन) झोन ४३ उत्तरमध्ये एक्स्पोर्ट करा, मग चौरस मीटरमध्ये ८,०९४ च्या आसपास आकडा येईल, त्याला १०१.१७ ने भागलं की गुंठे. नागपूरकरांनी मात्र झोन ४४ घ्या, ७८ अंश पूर्वेला झोन बदलतो.

प्रश्न : सेंटिनेल या युरोपीय उपग्रहाच्या फुकट फोटोवर विहीर का दिसत नाही?

उत्तर : त्याचा एक पिक्सेल १० मीटरचा, तुमची विहीर पाच-सहा मीटरची, दिसणार कशी? पीक, तलाव, जळालेलं रान बघायला तो झकास.

प्रश्न : मैत्रिणीला शेपफाईल (नकाशाचा डेटा ठेवायचा फाईल-प्रकार) पाठवली, उघडतच नाही म्हणते.

उत्तर : फक्त एसएचपी पाठवली असणार. शेपफाईल नावालाच एक फाईल, सोबत एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे अशी भावंडं लागतात, सगळी झिप करून पाठवा. त्यातही कॉलमच्या नावाला जेमतेम दहा बाइट, देवनागरी नाव तीन अक्षरांतच कापलं जातं. त्यापेक्षा जिओपॅकेज हा त्याच कामाचा दुसरा फाईल-प्रकार वापरा, एकच फाईल, कटकट नाही.