सापेली पहिल्यांदा वापरताना

सागावर हात बसलेला सुतार सापेलीला फसतो. कॅमेरून-काँगोकडचं हे लाकूड वजनाला सागाच्या आसपासच, पण याचे तंतू थराथराने उलटसुलट वळलेले असतात. त्यामुळेच क्वार्टर कापात, म्हणजे ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे घेतलेल्या कापात, चमकत्या पट्ट्या दिसतात, आणि त्यामुळेच रंध्याखाली तंतू उपटतात. पातं नुकतं धारेला लावलेलं हवं, काप अगदी बारीक. तरी उपटलंच तर रंधा सोडा, स्क्रॅपर, म्हणजे लाकूड खरवडायची पातळ पोलादी पट्टी, घ्या.

विनियरची, म्हणजे प्लायवर चिकटवायच्या पातळ लाकडी तावांची, गंमत वेगळी. कपाटाच्या दारांवर शेजारचे दोन ताव पुस्तकासारखे उघडून लावले, की उजेडात एक गडद, एक फिका दिसतो. रंगाचा दोष नाही, तंतूंची दिशा उलटली एवढंच. सापेलीला सगळे ताव एकाच दिशेने सरकवून लावा, कापण्याआधीच खडूने क्रमांक आणि वरची बाजू लिहून ठेवा. दाराच्या मागच्या बाजूलाही विनियर हवंच. नाहीतर सांगलीच्या पावसाळ्यात दार वाकतं.

विनियरचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर. १८० नंबरच्या पेपरने हातानेच, रेषेच्या दिशेने घासा. कडांना पेपर जास्त लागतो आणि खालचा प्लाय उघडा पडतो. तो नंतर लपत नाही.

ओल्या गोंदाजवळ लोखंडी खिळा किंवा लोखंडी वूल (घासायच्या बारीक तारांचा गुंता) नको, निळेकाळे डाग पडतात. पितळेचे किंवा स्टेनलेस खिळे वापरा. पडलाच डाग, तर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण, हातमोजे घालून, आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसणं. घासताना मास्क लावा, ही धूळ नाकाला झोंबते.