५०० इडियम्स पाठ, तरी कॉल डोक्यावरून का जातो?

तुम्ही लिहिलंय की ५०० इंग्रजी इडियम्स (वाक्प्रचार) पाठ आहेत, तरी अमेरिकन क्लायंटचं निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. काही वर्षांपूर्वी माझी हीच गत होती, म्हणून सविस्तर लिहितोय. डिक्शनरी कशी बघायची वगैरे तुम्हाला येतच असेल, ते सोडतो.

मला महागात पडला तो 'टेबल' हा शब्द. शुक्रवारच्या कॉलवर क्लायंटची मॅनेजर म्हणाली, 'लेट्स टेबल धिस.' क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये अर्थ होता 'चर्चेला मांडणे'. शंका घ्यायला जागाच नव्हती. विधानसभेच्या पटलावर अहवाल ठेवला की आपल्या इंग्रजी पेपरात 'टेबल्ड' असंच छापून येतं. शनिवार-रविवार टीममधल्या दोघांना बसवलं. त्यातल्या एकीच्या घरी रविवारी गौरीजेवण होतं. ती काही बोलली नाही, डबा उघडून कामाला लागली. सोमवारी मी ३८ स्लाइड्स उघडल्या. पलीकडे शांतता. मग मॅनेजर म्हणाली, 'हे आपण तूर्त बाजूला ठेवलं होतं ना?'

अमेरिकेत टेबल करणं म्हणजे विषय लांबणीवर टाकणं. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे नेमकं उलट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांचा याच शब्दावरून बराच वाद झाला होता, चर्चिल यांनी तो आठवणींत नोंदवलाय. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिची गौर चुकली नसती. तिचा तो डबा अजून डोळ्यांसमोर आहे.

क्लासमध्ये जाऊन सांगितलं की नोट्समध्ये एक ओळ वाढवा. उत्तर मिळालं, 'सर, परीक्षेला एवढंच येतं.' फी मात्र 'कॉर्पोरेट इंग्लिश'ची घेतली होती! याचा राग अजून गेलेला नाही.

मी शिक्षक नाही, आणि एमपीएससी किंवा स्टाफ सिलेक्शन करत असाल तर यादी पाठ करावीच लागेल. पण नोकरीसाठी माझं ठाम मत आहे: शब्दाशेजारी मराठी म्हण लिहून पाठ करणं बंद करा. 'पुलिंग युअर लेग' म्हणजे थट्टा करणं. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं. साहेब थट्टेत बोलला आणि तुम्ही मनाला लावून घेतलं, असं यातूनच होतं.

मी वहीत पूर्ण वाक्य लिहितो, कोण कुणाला म्हणालं तेही. माणूस अमेरिकेचा की इंग्लंडचा, हे समासात. केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत 'यूके', 'यूएस' असं लिहिलेलं असतं, ते वगळू नका. ऐकलेला इडियम लगेच स्वतः वापरायलाही जाऊ नका, चार वेळा कानावर पडू द्या.

आणि कॉल संपला की दोन ओळींची मेल टाका: अमुक विषय आता करायचा की नंतर? साध्या इंग्रजीत. माझ्या अनुभवात अशा मेलला क्लायंट कधी वैतागलेला नाही.

तुमच्या कॉलवर नेमकं कोणतं वाक्य अडलं, ते जसंच्या तसं टाका. बघू.