एमए सायकॉलॉजीनंतर साय.डी. करावी का, आणि खान्देशात राहून तिचा उपयोग होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की जळगावच्या विद्यापीठातून एमए झालंय, घर अमळनेरला आहे, आणि आता साय.डी.साठी, म्हणजे डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी या डिग्रीसाठी, चार वर्षं आणि लाखांत फी घालावी की सरळ पीएचडी करावी हे कळत नाहीये. मी जळगावात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते, म्हणून जे रोज बघते त्यावरून सांगते.

आधी तुम्हाला शिकवायचंय की पेशंट बघायचेत ते ठरवा, कारण रस्ते तिथूनच फुटतात. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर सेट-नेट काढा आणि पीएचडी करा, साय.डी.च्या वाटेला जाऊ नका. ती डिग्री मुळात उपचार करणाऱ्यांसाठीच निघाली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६८ ला पहिला कोर्स सुरू झाला तो याच विचाराने, की पीएचडीत सगळा जोर संशोधनावर असतो आणि पेशंटसमोर बसायचं शिक्षण कमी पडतं.

पेशंट बघायचे असतील तर मात्र डिग्रीच्या नावापेक्षा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, रजिस्ट्रेशन नंबर महत्त्वाचा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे, आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतली मान्य डिग्री लागते, नुसत्या एमएवर ते नाव लावता येत नाही. आत्तापर्यंत बहुतेक जण दोन वर्षांचं एम.फिल. करून तिथे पोचायचे. पण नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं, क्लिनिकल सायकॉलॉजीपुरते प्रवेश यूजीसीने २०२५-२६ पर्यंत चालू ठेवले होते, म्हणून आता साय.डी.बद्दल एवढे लोक विचारतायत.

इथेच माझी कळकळीची विनंती आहे. फी भरायच्या आधी त्या कॉलेजला, त्याच कोर्ससाठी, तुमच्या बॅचच्या वर्षाला मान्यता आहे का हे आरसीआयच्या वेबसाइटवर स्वतः बघा. माहितीपत्रकात काय छापलंय आणि फोनवरचा माणूस काय म्हणतो त्यावर जाऊ नका. "घरबसल्या डॉक्टरेट" वाल्या जाहिराती तर बघूच नका, पेशंट न बघता हे काम शिकता येत नाही, आणि यूजीसीने २०२५ मध्ये सायकॉलॉजीचे ऑनलाइन आणि डिस्टन्स कोर्ससुद्धा थांबवलेत.

चार वर्षांत नक्की मिळतं काय, तर सुपरव्हिजन. बाकी थिअरी तुम्ही पुस्तकातून वाचालच. समजा आठ वर्षांचं पोरगं समोर आहे, टेबलावर बुद्धीच्या चाचणीचा सेग्विनचा लाकडी बोर्ड, दहा आकार आपापल्या खाचेत बसवायचे, आणि तुम्ही हातात स्टॉपवॉच धरलंय. पोरगं चांदणी उचलतं, चुकीच्या खाचेवर दाबतं, मग आईकडे बघतं, आणि आई मागून बोट दाखवते. आता वेळ धरायची का, परत घ्यायचं का, आईला बाहेर बसवायचं का, आणि हे पोरगं घाबरलंय म्हणून हळू आहे की त्याला जमतच नाहीये? हे सगळं रिपोर्टमध्ये कसं लिहायचं ते सिनियर माणूस शेजारी बसून तुमचा ड्राफ्ट तीनतीनदा परत करतो तेव्हा कळतं. तुमच्या एका आकड्यावर त्या पोराचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट अवलंबून असतं, म्हणून मी या ट्रेनिंगला एवढं धरून बसलेय.

आणि खान्देशाचं म्हणाल तर इथे माणसं हवीतच. राज्यातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला, आपल्या तीन जिल्ह्यांत एकही नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं, पण ते बऱ्याचदा कंत्राटी, हे गृहीत धरून चला. चोपडा, यावल, शहाद्याकडून येणारी बाई "मना जीव घाबरस" एवढंच सांगते, हार्टच्या सगळ्या तपासण्या करून आलेली असते, आणि तिच्याशी अहिराणीत बोलणारं कोणी भेटलं की मग तासभर बोलते. तुम्ही अमळनेरच्या, तुम्हाला हे शिकावं लागणार नाही, बाहेरून आलेल्याला लागतं.

पैशाचं स्पष्टच सांगते, सुरुवातीची काही वर्षं कमाई हळू असते, मुंबई-पुण्यासारखी सेशनची फी इथे कोणी देत नाही. टेस्टिंग, शाळा आणि एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे ठरावीक दिवस बसणं, यावर घर चालतं. कर्ज काढूनच करायचं असेल तर हा हिशोब घरच्यांसमोर मांडा. डॉक्टरेट झाली की नावापुढे डॉ. लागेल, पण गोळी लिहून देता येणार नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं, हे नातेवाईकांना परत परत सांगावं लागतं. आणि परदेशात जायचा विचार असेल तर इथलं रजिस्ट्रेशन तिकडे आपोआप चालत नाही, त्या त्या देशाचं लायसन्स वेगळं काढावं लागतं.

माझं मत विचाराल तर मान्यता असलेल्या ठिकाणी सीट मिळाली आणि तिथे स्वतःचा मानसोपचार वॉर्ड, रोजची ओपीडी असेल तर करा. प्रवेश घ्यायच्या आधी तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि आठवड्यात किती पेशंट स्वतः बघता, सुपरव्हायजर किती वेळ देतात, एवढं विचारा. फॉर्मची मुदत जवळ असेल तर कॉलेजचं नाव इथे कमेंटमध्ये टाका, मान्यतेची यादी कशी वाचायची ते मी दाखवते.